क्लचच्या स्प्रिंगा, वजनकाटा आणि दाजींचा गुडघा

लातुरात माझं क्लच प्लेटा भरून द्यायचं दुकान आहे. रब्बीची पेरणी जवळ आली की जुने बी-२७५, एचएमटी, मॅसी ट्रॅक्टर दारात लागतात. अधूनमधून कुणाची हौसेनं जपलेली अँबेसिडर नाहीतर जीप येते. मागणं मात्र सगळ्यांचं एकच असतं: "स्लिप मारतोय, जरा कडक स्प्रिंगा टाका." म्हणजे क्लच प्लेट घसरते; तिला इंजिनच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, प्रेशर प्लेटमधून दाबून धरायचं काम या स्प्रिंगांचं.

कडक स्प्रिंगांची हौस मी दाजींच्या बी-२७५ वर भागवून घेतली आहे. औशाकडचं काळं चिकट रान, मागं पलटी नांगर. बाजारात मिळाल्या तेवढ्या कडक स्प्रिंगा भरल्या. स्लिप गेली, पण पुढच्या हंगामात क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या चकत्या) संपले. पेडल दाबलं की क्लच मोकळा करणारं रिलीज बेरिंग क्रँकला पुढं ढकलतं, आणि स्प्रिंगा जेवढ्या कडक तेवढा तो जोर जास्त, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दाजी म्हणाले, "इंजिन दुरुस्त व्हईल रे, पर माझ्या गुडघ्याचं काय?" कार्बनचं रिलीज बेरिंग असलेल्या जुन्या गाड्यांत तर आधी ते बेरिंगच झिजून जातं.

म्हणून आधी स्प्रिंगच दोषी आहे का ते बघा. पेडलला फ्री प्ले (बेरिंग टेकण्याआधीची मोकळी चाल) नसेल तर बेरिंग सतत फिंगरवर (प्रेशर प्लेट मागं ओढणाऱ्या तरफांवर) टेकून राहतं आणि चांगल्या स्प्रिंगाही बिनकामाच्या होतात. प्लेटच्या लायनिंगवर (घासणाऱ्या थरावर) तेल आलं असेल तर सील बदला. रिव्हेटपर्यंत घासलेली प्लेट असेल तर प्लेट बदला. हे सगळं ठीक असेल, तरच पुढचं वाचा.

क्लचचं कव्हर नुसत्या पान्यानं उघडू नका. समजा ९ स्प्रिंगा आहेत आणि प्रत्येकीचा दाब ६० किलो. म्हणजे आत ५४० किलो जोर कोंडलेला आहे, हरभऱ्याच्या ५० किलोच्या जवळजवळ अकरा कट्ट्यांएवढा. प्रेसखाली दाबून धरा, मगच सोडा. उघडण्याआधी कोणत्या रंगाची स्प्रिंग कुठं होती त्याची खूण करा. काही प्लेटांत कंपनीनंच दोन प्रकारच्या स्प्रिंगा आळीपाळीनं बसवलेल्या असतात. रंगावरून मात्र नवी स्प्रिंग मागू नका, एका कंपनीचा पिवळा दुसऱ्या कंपनीचा पिवळा नसतो.

स्प्रिंगची मोकळी लांबी सगळे मोजतात. कामाचं माप वेगळं आहे: प्लेट बसलेली असताना स्प्रिंग किती लांब राहते आणि त्या लांबीला किती किलो दाब देते. ते काढायला फ्लायव्हील आडवं ठेवा, त्यावर नवी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट ठेवा, आणि स्प्रिंगा व फिंगर न घालता कव्हर बोल्टानं आवळा. बाजूच्या खिडकीतून इनसाइड कॅलिपर घालून स्प्रिंगच्या दोन बैठकांमधलं अंतर घ्या. समजा ४२ मिमी आलं.

आता ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवा. माझा आडत दुकानातून आलेला जुना इलेक्ट्रॉनिक काटा आहे. काट्यावर लोखंडी पाटी, पाटीला मधोमध उभी पिन, पिनेत स्प्रिंग. पिन नसेल तर स्प्रिंग उडून डोळा जाईल, आणि पिन असली तरी चष्मा हवाच. वरून ४२ मिमीपर्यंत दाबा आणि किलो वाचा. नवी स्प्रिंग असेल तर आधी तीन-चार वेळा पूर्ण मिटेपर्यंत दाबून सोडा, म्हणजे ती बसायची तेवढी बसते.

मागच्या महिन्यात एका जीपच्या नऊ स्प्रिंगा अशाच मोजल्या. सहा ६१-६२ किलोच्या निघाल्या, तीन ४८ च्या आसपास. त्या तिघींचा रंग जळून निळी झाक आली होती. स्लिपच्या उष्णतेनं त्या बसल्या होत्या आणि त्यांचा दाब उतरला होता. तीनच बदलून भागत नाही, पूर्ण संच घ्यावा लागतो. गंजाचे खड्डे दिसले तर काटा काहीही सांगो, स्प्रिंग बाद. तिथूनच ती तुटते.

सगळ्यात जास्त फसवते ती तारेची जाडी. घेर आणि वेढे तेच ठेवून ४ मिमीऐवजी ४.५ मिमी तार घेतली तर ताठपणा सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. शिवाय मिटलेली उंचीही (वेढ्याला वेढा टेकल्यावरची) वाढते. ९ वेढे, ४ मिमी तार म्हणजे ३६ मिमी. पेडल दाबलं की स्प्रिंग ४२ वरून साधारण ४० पर्यंत दबते, म्हणजे ४ मिमी जागा उरते. ४.५ ची तार मात्र ४०.५ लाच ठोस होते. पेडल मध्येच अडतं, गडी जोर लावतो आणि फिंगर वाकतात.

प्रेशर प्लेट लेथवर घासून घेतली असेल तर घासली तेवढी स्प्रिंग सैल बसणार. समजा स्प्रिंग ४२ ला ६० किलो आणि ४४ ला ५४ किलो दाखवत असेल, तर मिलीमागं ३ किलो जातात. १ मिमी घासली की नऊ स्प्रिंगांचे २७ किलो गेले, म्हणजे ५ टक्के. त्यासाठी नव्या स्प्रिंगा नकोत, प्रत्येकीखाली १ मिमीचा कडक वॉशर पुरतो.

बसवताना जास्त दाबाच्या स्प्रिंगा एका बाजूला गोळा होऊ देऊ नका, समोरासमोर जोड्या लावा. कव्हर आवळल्यावर सगळ्या फिंगरांची उंची सारखी करा. माझ्याकडं अर्ध्या मिलीपेक्षा जास्त फरक राहिला तर ती प्लेट काउंटरवर जात नाही. आणि ट्रॅक्टर जोडण्याआधी रिलीज बेरिंग हातात घेऊन फिरवून बघा. ते खरखरत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर तेवढ्यासाठी ट्रॅक्टरचे पुन्हा दोन तुकडे करावे लागतील.