जावात तोच कॅच ब्लॉक १४ ठिकाणी चिकटवलाय? या चुका टाळा

हळदीचे सौदे जोरात चालू होते, सांगलीच्या मार्केट यार्डातनं एका अडत दुकानाचा फोन (त्यांचं जावातलं सॉफ्टवेअर माझं), "पट्टी (शेतकऱ्याच्या हिशोबाचा कागद) निघंना, शेतकरी उभा आहे." लॉग बघितला तर त्यातपण तेच, "पट्टी सेव्ह झाली नाही". तासभर डेटाबेस चाचपत बसलो आणि शेवटी निघालं काय, तर वजनाची फाईल वाचणारी मेथड फेल होत होती. तिच्यातला कॅच ब्लॉक, म्हणजे एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) पकडणारा भाग, मीच पट्टीच्या मेथडमधनं उचलून चिकटवलेला, मेसेज बदलायचा राहिला. वर लॉगरला एक्सेप्शन दिलंच नव्हतं, नुसतं वाक्य, म्हणजे स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या ओळीवर झाली त्याचा माग) पण नाही. त्या एका क्लासात असे १४ ब्लॉक निघाले.

मग साफसफाईला बसलो आणि त्यातही माती खाल्ली, तेच सांगतो.

आधी सोपं. आयओएक्सेप्शन आणि एसक्यूएलएक्सेप्शनला खाली काम सेमच असेल तर दोन कॅच कशाला, मध्ये उभी रेघ (|) टाकून एकच लिहा, जावा ७ पासनं म्हणजे २०११ पासनं चालतंय. फक्त फाईलनॉटफाउंडएक्सेप्शन आणि आयओएक्सेप्शन असे बाप-लेक एका रेघेत बसवू नका, कंपाईलच होत नाही. बापाला पकडला की लेक आपोआप आला.

काहीजण (मीपण) याच्या पुढं जाऊन सरळ कॅच एक्सेप्शन लिहून मोकळे होतात. कोड छोटा होतो, पण मग नलपॉइंटर (नल म्हणजे रिकाम्या व्हॅल्यूवर काम केल्याचं एक्सेप्शन) पण "फाईल वाचता आली नाही" म्हणून छापला जातो आणि आपला खरा बग त्याच्याखाली गाडला जातो.

फायनलीत क्लोज, त्याच्याभोवती परत ट्राय-कॅच, हे जिथं दिसेल तिथं काढा आणि ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा (फाईल ट्रायच्या कंसात उघडायची, बंद आपोआप होते). नुसत्या ओळी वाचतात म्हणून नाही. फायनलीतल्या क्लोजभोवती कॅच नसला आणि त्यानं एक्सेप्शन फेकलं की आतलं मूळ एक्सेप्शन गायब होतं. ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये मूळ तसंच बाहेर येतं आणि क्लोजवालं त्याला सप्रेस्ड म्हणून चिकटतं. आणि फायनलीत रिटर्न लिहिणाऱ्याला तर काय बोलायचं, एक्सेप्शन गेलं ते गेलंच.

मग सगळ्यांना सुचतो तो हेल्पर: एकच मेथड, तिला लॅम्बडा (चालवायच्या कोडचा छोटा तुकडा) द्यायचा, ट्राय-कॅच तिच्यातच. कल्पना चांगली आहे पण लॅम्बडासाठी जावाचा सप्लायर इंटरफेस घेतलात की चेक्ड एक्सेप्शनवर (जे पकडायची किंवा थ्रोजमध्ये लिहायची कंपायलर सक्ती करतो) अडकता, त्याच्या गेटला थ्रोजच नाही, मग प्रत्येक लॅम्बडात परत ट्राय-कॅच, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. कॉलेबल घ्या (त्याच्या मेथडला थ्रोज आहे), नाहीतर थ्रोज असलेला आपला स्वतःचा दोन ओळींचा इंटरफेस लिहा. आता माझी दुसरी चूक बघा, माझा हेल्पर एक्सेप्शन पकडायचा, लॉग करायचा आणि नल परत द्यायचा. १४ पैकी १३ ब्लॉकचा एक झाला खरा, पण वजनच नल आलं आणि हमाली-तोलाईच्या हिशोबात भलत्याच ओळीवर नलपॉइंटर फुटला. हेल्परनं गिळायचं नाही, काय करत होतो ते लिहून आपल्या एक्सेप्शनमध्ये गुंडाळून पुढं फेकायचं, आणि मूळ एक्सेप्शन कॉज म्हणून कन्स्ट्रक्टरला द्यायलाच पाहिजे. माझ्या हेल्परला आता "वजनाची फाईल वाचताना" असा मजकूर द्यावाच लागतो, त्याशिवाय कंपाईल होत नाही.

लॉग करून परत फेकणं पण बंद करा. रिपॉझिटरी, सर्व्हिस, कंट्रोलर, तिन्हीकडं लॉग केलं की एकाच चुकीचे तीन ट्रेस, आणि फोन चालू असताना वाटतं तीन प्रॉब्लेम आहेत. लॉग वरच्या टोकाला एकदाच. स्प्रिंग (जावाची फ्रेमवर्क) वापरत असाल तर रेस्ट-कंट्रोलर-ॲडव्हाइसचा, म्हणजे कंट्रोलरमधनं बाहेर पडलेली एक्सेप्शन एका जागी पकडणारा, एक क्लास त्यासाठी पुरतो, कंट्रोलरमधले कॅच बरेचसे उडतात. मात्र ट्रान्झॅक्शनल मेथडमधनं चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडलं तर स्प्रिंग आपणहून रोलबॅक करत नाही (डेटाबेसमधले बदल मागे घेत नाही), अर्धी पट्टी सेव्ह होऊन बसते. म्हणून आपलं गुंडाळलेलं एक्सेप्शन रनटाइमएक्सेप्शनवरनं काढा.

एक इंटरप्टेडएक्सेप्शन (थांबलेल्या थ्रेडला "आता थांब" सांगितल्यावर येतं ते) तेवढं या हेल्परच्या गठ्ठ्यात टाकू नका. त्याला वेगळा कॅच, आणि त्यात थ्रेडचा इंटरप्ट परत सेट करायचा. १४ मधला तो एक ब्लॉक मी हेल्परच्या बाहेर वेगळाच ठेवलाय.