प्राचीन धनुष्याला दोरी कशी चढवत? अवशेषांवरून शोध घेण्याची रीत

प्रागैतिहासिक धनुष्याची प्रतिकृती करायची म्हटली, की बहुतेक जण आधी लाकूड शोधायला निघतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी दोरी आणि बाण वाचा, लाकडाला हात नंतर लावा. धनुष्य कसे वापरले जाई, हे त्या दोन वस्तूच जास्त सांगतात.

अभ्यासाला ‘ओत्झी’ घ्या. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटली सीमेवर, आल्प्समध्ये ३,२१० मीटर उंचीवर हा पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस बर्फात सापडला. त्याच्याजवळ धनुष्य, भाता, बाण आणि दोरी असा सगळा संच होता. असे क्वचितच घडते.

१. दोरी तपासा. ओत्झीच्या भात्यात सुमारे २ मीटर लांबीची दोरी गुंडाळून ठेवलेली होती. आधी ती वनस्पतीच्या तंतूंची मानली जाई. पुढच्या तपासणीत ती जनावराच्या पायाच्या कंडरांची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांची), म्हणजे तात, निघाली. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जाडी, पदर आणि पिळाची दिशा नोंदवा. स्पेनमधल्या आल्बुन्योलच्या गुहेतल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या दोऱ्याही कंडरांच्याच आहेत. कंडरा भिजली की सैल पडते, त्यामुळे दोरी भात्यात कोरडी ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. पण दोरी मिळालीच नसेल तर कंडरा गृहीत धरू नका: सातपुड्यातले भिल्ल बांबूच्या पट्टीचीही दोरी लावतात.

२. बाण मोजा. शेपटाकडच्या खाचेत दोरी बसते, म्हणून खाचेच्या रुंदीवरून दोरीच्या जाडीचा अंदाज येतो. दोरी किती मागे ओढता येई, याची कमाल मर्यादा बाणाच्या लांबीवरून कळते. ओत्झीच्या भात्यात १४ काड्या होत्या, साधारण ८५ ते ९० सेंटिमीटरच्या. त्यांतले दोनच बाण पूर्ण होते. त्यांची पिसे भूर्जाच्या डांबराने चिकटवून वर बारीक दोऱ्याने गुंडाळलेली आहेत.

३. टोके पाहा. ओत्झीचे सुमारे १.८२ मीटरचे, यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे धनुष्य अर्धवट घडवलेले आहे. त्यावर तासणीच्या खुणा तशाच आहेत. त्यामुळे टोकांसाठी डेन्मार्कच्या होल्मेगार्ड दलदलीत १९४४ मध्ये सापडलेली एल्म झाडाच्या लाकडाची धनुष्ये पाहा. ती सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत. त्यांची मूठ अरुंद, दोन्ही बाजू रुंद आणि चपट्या, टोके निमुळती. अशा टोकावर खोल खाच नसली तरी दोरीच्या टोकाचा घट्ट फास निमुळत्या भागावर अडकून बसतो. फासाचे माप हाच इथला खरा प्रश्न आहे: सैल झाला तर तो खाली घसरतो.

४. प्रतिकृती करा. सालीखालचा अखंड थर धनुष्याच्या पाठीला, म्हणजे तिरंदाजापासून दूरच्या बाजूला, ठेवा. ताण तिथेच येतो. दोरी धनुष्यापेक्षा थोडी आखूड घ्या, गाठींसाठी टोके वेगळी सोडा. आधी खालच्या टोकाला पक्की गाठ मारा. ते टोक पावलाच्या बाहेरच्या कडेला टेकवून मधला भाग मांडीवर दाबा आणि वरचा फास सरकवा. लाकूड एकदम पूर्ण ओढू नका. दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत थोडे थोडे तासा. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका, धनुष्य तुटू शकते.

५. झीज जुळवा. बरेच बाण सोडून झाल्यावर दोरी उतरवा आणि फासाने टोकावर कुठे घासले ते पाहा. त्या खुणा मूळ अवशेषाच्या छायाचित्राशी ताडा. जुळत नसतील तर फासाची जागा बदलून पुन्हा बाण सोडा, आणि प्रत्येक बदल लिहून ठेवा.