कॅलिफोर्नियात नोटरी होताना: शपथ आणि तीस दिवसांची मुदत

भारतात नोटरी हा अनुभवी वकील असतो. कॅलिफोर्नियात मात्र वय 18 पूर्ण केलेल्या, तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या व इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या व्यक्तीलाही, अमेरिकेचे नागरिकत्व नसले तरी, नोटरी होता येते. त्यामुळे तेथील मराठी कुटुंबांनी ही वाट अवश्य विचारात घ्यावी.

प्रथम सहा तासांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी आणि पार्श्वभूमी तपासणीसाठी बोटांचे ठसे द्यावेत. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्याच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ या अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून चार वर्षांचे नियुक्तिपत्र येते.

नियुक्तिपत्र हाती आले म्हणजे काम झाले, असा समज करून घेऊ नये. नियुक्ती सुरू झाल्याच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत, आपल्या व्यवसायाचे मुख्य ठिकाण ज्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) आहे तेथील काउंटी क्लर्क या अधिकाऱ्याकडे, पदाची शपथ आणि 15,000 डॉलरचा हमीबाँड (हमी कंपनीने दिलेले हमीपत्र) दाखल करावा लागतो. या मुदतीला वाढ मिळत नाही. ती चुकल्यास नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून बाँडची व्यवस्था आधीच करावी, तो मूळ प्रतीतच न्यावा, आणि त्यावरील नाव नियुक्तिपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे पाहावे. वडिलांचे वा पतीचे नाव मधले नाव म्हणून लावणाऱ्या आपल्या लोकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. हा बाँड नोटरीच्या नव्हे, तर जनतेच्या संरक्षणासाठी असतो.

शपथ व बाँड दाखल होईपर्यंत एकाही कागदावर शिक्का उमटवू नये.