खड्डे बुजवताना या चुका टाळा

खड्डा भरला आणि पंधरवड्यात पुन्हा उखडला, की सगळे डांबराला नावं ठेवतात. माल बऱ्याचदा ठीक असतो, खड्ड्याची तयारीच झालेली नसते. घाईतले नवखे सुपरवायझर नेमकी हीच पायरी गाळतात आणि त्याचा मला मनापासून राग येतो. त्या उखडलेल्या जागी उद्या एखादा दुचाकीवाला पडणार असतो.

ओल्या खड्ड्यात माल ओतणे

एका साइटवर हॉटमिक्सचा, म्हणजे डांबर-खडीच्या गरम मालाचा, डंपर आला तेव्हा खड्ड्यात पाणी होतं. मुकादमानं खराट्यानं वरवरचं पाणी ढकललं, माल ओतला, भसाभस वाफ निघाली, वर रोलर फिरला. संध्याकाळी ठिगळ काळंभोर आणि सपाट दिसत होतं. पुढच्याच आठवड्यात ते हलायला लागलं. पहारीनं उचकटलं तर अख्खं निघालं. उलटं करून पाहिलं: तळाला सुकलेला चिखल, कडांना खडीची पूड. डांबरानं जुन्या रस्त्याला कुठेच धरलं नव्हतं.

माझी सवय सांगतो. आधी चौकट आखायची, तीही खड्ड्यापुरती नाही. चांगला, घट्ट रस्ता लागेपर्यंत बाहेर जायचं. कटरनं कडा उभ्या कापायच्या, कारण उतरत्या कडेवरचा पातळ माल पहिल्यांदा सुटतो. सैल खडी काढून, झाडून, कॉम्प्रेसरची हवा मारायची. मग तळाला आणि चारही कडांना टॅक कोटचा, म्हणजे नवा माल जुन्या रस्त्याला चिकटवणाऱ्या डांबराचा, पातळ हात. हे इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) लावताना तपकिरी असतं, ते काळं होईपर्यंत थांबायचं. ही दहा-वीस मिनिटं कुणाला धरवत नाहीत, पण सगळी पकड तिथेच आहे. जास्त ओतून वेळ वाचत नाही, उलट ठिगळ सरकतं.

खोल खड्डा एका दमात भरू नका. साधारण ५ ते ७ सेंटीमीटरचे थर घ्या, प्रत्येक दाबा, रोलर कडेकडून मध्याकडे आणा. माल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की रोलर कितीही फिरवा, पोकळ्या मिटत नाहीत. म्हणून डंपर आल्यावर खड्डा तयार करायला घेणं मला मान्यच नाही. शेवटी सांध्यावरून डांबर फिरवा.

कोल्डमिक्सवर (गरम न करता वापरायच्या मालावर) विसंबणे. भर पावसात तात्पुरता धोका टाळायला उत्तम. पाऊस सरला की काढून पक्कं काम करा.

जाळीदार भेगांवर नवा थर. अशा भेगा म्हणजे बहुधा खालचा पाया गेलेला असतो. पाया न दुरुस्त करता वर थर दिला, तर त्याच भेगा वर येतात.

जुना थर खरवडल्याशिवाय थरावर थर. चेंबर खोलगट राहतात, रस्ता उंच होतो आणि पावसाचं पाणी लोकांच्या उंबऱ्याकडे वळतं.

बारीक भेगा सोडून देणे. सगळा पैसा सर्वांत वाईट रस्त्यांवर ओतायचा आणि बरे रस्ते वाऱ्यावर सोडायचे, ही चूक शहरं वर्षानुवर्षं करतात. भेग कोरडी आणि स्वच्छ असताना सीलंट भरणं पाया खोदण्याच्या मानानं फार स्वस्त आहे.

पाइप-केबलचे चर कसेतरी भरणे

खोदलेलीच माती परत ढकलायची, पाणी मारायचं, वर डांबर. हा चर खचणारच, आणि बसच्या मार्गावर तर लवकर. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा: गाडीच्या एका आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज सुमारे १६ पट होते. गल्लीत तगलेली भरणी बसच्या मार्गावर टिकेल असं धरू नका.

भरणी १५-२० सेंटीमीटरच्या थरांत करा, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरनं बसवा. डांबर चरापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद कापा, म्हणजे नवा सांधा सैल मातीवर येत नाही. पाइप गळत नाही हे भरणीआधी तपासा. काम झाल्यावर मी चरावर आडवी सरळपट्टी ठेवतो आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा ठेवतो. पट्टीखाली फट वाढलेली दिसली, तर चर उघडायला लावतो. ठेकेदार कुरकुर करतात, तरीही.