दुखणाऱ्या शरीराची कादंबरी लिहायची तर

माझी कंबर दुखायला लागली त्याला ११ वर्षं झाली. एका जोडप्याची, दुखण्याची आणि वर्चस्वाची काळीकुट्ट कादंबरी मी लिहायला घेतली, तेव्हा पहिल्या ४० पानांत 'असह्य वेदना' १७ वेळा आलं होतं. वाचणाऱ्या मैत्रिणीला त्यातलं एकदाही काही दुखलं नाही.

म्हणून आधी शब्द नेमके करा. ठणका नाडीबरोबर चालतो. कळ उठते आणि श्वास अडकवते. सणक पायातून खाली धावते. उसण भरली की माणूस वाकल्या जागी थिजतो. रग, आग, मुंग्या, ठसठस... मराठीत याची ददात नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली रुग्णांसाठी जी प्रश्नावली मांडली, तीत दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावले आहेत. त्यांत टोचणारं, जाळणारं आहेच, पण 'शिक्षा केल्यासारखं' आणि 'क्रूर'ही आहे. शरीराबद्दल बोलताना माणूस शिक्षेची भाषा वापरतो. तुमची कादंबरी तिथूनच सुरू होते.

दुखण्याचं कारण शोधून देऊ नका. तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या, जुनाट दुखण्यात जखम भरलेली असूनही मज्जारज्जू आणि मेंदू इतके हुळहुळे झालेले असू शकतात की साधा स्पर्शही दुखतो. एमआरआय स्वच्छ येतो. हा स्वच्छ रिपोर्ट घरात आणा आणि त्यावर पूर्ण प्रकरण खर्च करा. कारण त्या दिवसापासून दुखतंय की नाही हे दुखणाऱ्या बायकोने ठरवायचं राहत नाही, नवऱ्याने मानायचं होतं.

सत्ता मारहाणीतच दाखवायला हवी असं नाही. ती गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये दाखवा. माझ्या कादंबरीत तो स्ट्रिप शर्टाच्या खिशात ठेवतो, 'तू विसरतेस' म्हणून. ती मागते. तो घड्याळ बघतो, 'अजून २० मिनिटं.' डोस त्याने बरोबरच सांगितलेला असतो. डॉक्टरांसमोर ती तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, 'हिला रात्री जास्त होतं.' तेही खरंच असतं. त्याच्या प्रत्येक वाक्यात काळजी खरी ठेवा. खोटी केलीत तर वाचक त्याला खलनायक ठरवून सुटेल.

आणि तिला देवी करू नका. हे लिहिताना मला सगळ्यात जड गेलं. तो चपला घालून दारात उभा आहे, ती आतून कण्हते, तो परत फिरतो. ते कण्हणं किती खरं होतं, हे तिलाही सांगता येऊ नये. पुढे एक दिवस तिला अजिबात दुखत नाही आणि ती ते त्याच्यापासून लपवते. बरं वाटल्याची भीती दोघांनाही आहे. हे प्रकरण मी सहा वेळा लिहिलं, कारण दर वेळी तिची बाजू घ्यायचा मोह व्हायचा.

दुखणं चढत्या क्रमाने रचू नका. ते येतं, जातं, तेच परत येतं. चढत जायला हवं ते दोघांमधलं राजकारण.

शेवटी तिला बरी करू नका, मारूही नका.

तुम्हालाही दुखत असेल तर वाईट दिवशी प्रकरण लिहायला बसू नका. वही उशाशी ठेवा आणि किती वाजले ते घालून दोन ओळी तेवढ्या टिपा. माझ्या वहीतली एक नोंद: 'रात्री पावणेतीन. डावा पाय. गुडघ्यामागून गार पाण्याची धार उतरल्यासारखं. हात लावला तर कोरडं.'