इटली बघायला जाताय? या चुका टाळा

मिलानमध्ये सांता मारिया देल्ले ग्रात्सिए चर्चला लागून एक तिकीटघर आहे. आमच्या वेळेची वाट बघत मी तिथे अर्धा तास उभी होते, आणि तेवढ्यात तीन कुटुंबं आल्या पावली परत गेली. लिओनार्दो दा विंचीचं ‘द लास्ट सपर’ हे चित्र आतल्या भिंतीवर आहे आणि आजची तिकिटं संपली आहेत, एवढंच त्यांना कळलं.

मोजकीच तिकिटं द्यायचा हा नियम कुणाच्या हट्टापायी आलेला नाही. लिओनार्दोने हे चित्र ओल्या गिलाव्यावर काढलं नाही, सुकलेल्या भिंतीवर काढलं. रंग भिंतीत मुरला नाही आणि त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. पुढे ऑगस्ट १९४३ मध्ये इथे बॉम्ब पडला. छप्पर आणि बाजूची भिंत गेली, पण वाळूच्या पोत्यांनी सांभाळलेली चित्राची भिंत उभी राहिली. इतकं सोसलेलं चित्र दमट हवेला आणि धुळीला जपावं लागतं, म्हणून थोडी थोडी माणसं, पंधरा मिनिटांपुरती, आपोआप मिटणाऱ्या दारांमधून आत सोडतात. तिकिटं काही महिने आधी विक्रीला येतात आणि भराभर संपतात. आपण आधी विमान, मग हॉटेल आणि मग ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं करतो. मिलानपुरता हा क्रम उलटा करा. आधी हे तिकीट काढा आणि मिलानचा दिवस त्यावरून ठरवा.

वारांची चूक तर फारच होते. फ्लोरेन्सची उफ्फीझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, ‘द लास्ट सपर’सुद्धा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती फुकट उघडतात खरी, पण त्या गर्दीत मायकेलअँजेलोने छत रंगवलेल्या सिस्टिन चॅपेलमध्ये मान वर करून उभं राहायलाही जागा मिळत नाही. माझं मत विचाराल तर ते पैसे वाचवू नका. व्हॅटिकनच्याच सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. उन्हाळ्यात बिनबाह्यांचा कुर्ता घालणार असाल तर ओढणी पिशवीत असू द्या.

रोमच्या कोलोसियमच्या, म्हणजे प्राचीन गोल रंगभूमीच्या, तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्याकडे इथे हमखास घोळ होतो. बुकिंग करणारा मुलगा आईचं सासरचं नाव टाकतो आणि पासपोर्टवर अजून माहेरचं असतं. पासपोर्ट समोर ठेवूनच नावं भरा. दुसरं म्हणजे, त्याच तिकिटात समोरचा फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलेटाइन टेकडी येते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दुपारी तीनला कोलोसियममध्ये शिरलात तर टेकडी राहूनच जाते. तिच्यावरून एका अंगाला फोरम आणि दुसऱ्या अंगाला रथांच्या शर्यतींचं सर्कस मॅक्सिमस दिसतं. रोम कसं वसलं होतं हे मला तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा उमगलं.

कोलोसियमच्या दगडांना जागोजागी भोकं दिसतात. ती गोळ्यांची नाहीत. इसवी सन ८० मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीचे दगड लोखंडी आकड्यांनी एकमेकांत अडकवले होते. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेलं, त्याच्या या खुणा.

रोममधल्याच पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या कपाळावर ‘अग्रिप्पाने बांधलं’ असं लॅटिनमध्ये कोरलेलं आहे, आणि ते वाचून फसायला होतं. अग्रिप्पाची मूळ वास्तू जळाली. आज दिसते ती सम्राट हेड्रियनच्या काळात, सुमारे १२६ साली पूर्ण झाली आणि जुनं नाव तसंच ठेवलं गेलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून वरच्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. आत एकही लोखंडी सळई नाही. खाली जड दगडाचं काँक्रीट आणि वर जाल तसा प्यूमिससारखा हलका, सच्छिद्र दगड मिसळलेलं, अशी युक्ती आहे. पाऊस आला की माणसं इथून काढता पाय घेतात. तसं करू नका. उघड्या झरोक्यातून सरळ खाली येणारी धार आणि बेताचा फुगवटा असलेल्या फरशीवरून बारीक भोकांत निथळून जाणारं पाणी बघायचा तोच तर क्षण. २०२३ पासून इथे तिकीट आहे. आणि ६०९ सालापासून हे चर्च आहे, तेव्हा आवाज हळू.

फ्लोरेन्समध्ये पलात्सो व्हेक्किओ या जुन्या नगरभवनाच्या दारातल्या डेव्हिडच्या पुतळ्यासोबत फोटो काढून समाधानाने निघू नका. ती प्रतिकृती आहे. मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा १८७३ मध्येच अकादेमियात हलवला. फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चच्या मोठ्या घुमटाबद्दल तर आधी गुडघ्यांना विचारा: ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि चर्चमध्ये प्रवेश फुकट असला तरी घुमटासाठी वेळेचं वेगळं बुकिंग लागतं. ज्यांना जमेल त्यांनी मात्र चढावंच. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात खालून लाकडी आधार न देता हा घुमट उभा केला. तो दुहेरी आहे, आणि जिना त्या दोन कवचांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून जातो. आडव्या रांगांमध्ये मध्येच उभ्या घातलेल्या विटा तिथे हाताच्या अंतरावर असतात. ओल्या चुन्यातली वीट घसरू नये म्हणून केलेली ही वीण.

पिसाला मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो सगळेच काढतात, काढा. पण नंतर जरा लांब जाऊन मनोऱ्याची कड नीट बघा. तो नुसता कललेला नाही, किंचित वाकलेलाही आहे. ११७३ मध्ये काम सुरू झालं आणि दोन-तीन मजले चढेपर्यंत मऊ माती खचली. पुढच्या गवंड्यांनी वरचे मजले सरळ करायचा प्रयत्न केला, तो हा बाक. १९९० ते २००१ मनोरा बंद होता. तेव्हा उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून कल कमी केला. वर चढायचं असेल तर वेळ आधी घ्यावी लागते.

व्हेनिसची गाडी पकडताना स्टेशनचं नाव पूर्ण वाचा. व्हेनेत्सिया मेस्त्रे म्हणजे खाडीच्या अलीकडचं गाव आणि व्हेनेत्सिया सांता लुचिया म्हणजे खरं व्हेनिस. स्वस्त म्हणून घेतलेलं ‘व्हेनिसचं’ हॉटेल बऱ्याचदा मेस्त्रेला निघतं. २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. परवडत असेल तर एक रात्र बेटावरच राहा. संध्याकाळच्या गाड्या निघून गेल्या की गल्ल्यांमध्ये पाण्याचा आवाज ऐकू येतो.

डोंगर आणि समुद्राचं गणित निराळं. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांच्या पायवाटांवर चपला आणि सपाट तळव्यांच्या सँडल घालून गेलात तर दंड होतो. डोलोमाइट्स डोंगरांतल्या बऱ्याच केबल कार नोव्हेंबरच्या सुमारास बंद असतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तारखा तपासाव्यात. काप्री बेटावरची निळी गुहा समुद्र खवळलेला असेल तर उघडतच नाही.

आता पॉम्पेई. पहिल्या फेरीत मी ते दोन तासांत उरकलं, आणि त्याची हळहळ अजून आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे एक अख्खं गाव आहे. अर्धा दिवस तरी हवा. नापोलीहून (म्हणजे नेपल्सहून) सोरेंतोची लोकल घेऊन ‘पॉम्पेई स्कावी’ स्टेशनवर उतरा, दार समोरच आहे. नुसतं ‘पॉम्पेई’ असलेली स्टेशनं नव्या गावातली. नोव्हेंबर २०२४ पासून इथेही तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. सावली फार कमी. टोपी आणि बाटली घ्या, आत नळ आहेत.

रस्त्यांवर चाकांच्या खोल चाकोऱ्या आहेत, आणि पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी मध्ये उंच दगड मांडलेत. बेकरीत शिरलात तर डमरूच्या आकाराची काळ्या दगडाची जाती दिसतील. गाढवं जुंपून ती फिरवत.

मोठी चूक मात्र पुढे आहे. पॉम्पेई पाहिलं म्हणून लोक नापोली गाळतात. भिंतीवरची कितीतरी चित्रं, अलेक्झांडरच्या लढाईचं मूळ मोझेइक, भट्टीत कोळसा झालेली पावाची गोल वडी हे सगळं नापोलीच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आणि तिथेच आहे १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात तिला, पण बरेच अभ्यासक ती यक्षी मानतात. हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. अगदी तिच्या घडणीच्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. सातवाहनांच्या काळात तगर म्हणजे हे तेर, आणि इथला माल भडोचच्या बंदरातून रोमकडे जायचा. आपल्या मराठवाड्याशी इतकं जवळचं नातं असलेली वस्तू राखेतून वर आली आहे आणि आपणच तिच्या शेजारून विमानतळाकडे निघून जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मूर्ती ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ (गुप्त दालन) या वेगळ्या दालनात ठेवलेली आहे; ते त्या दिवशी उघडं आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. आणि जमलं तर निघण्याआधी तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन तिची तिथली बहीण बघून या.