संगणकी पॅनेलवर सिग्नल बसवताना: बडोद्याच्या उत्तर टोकाचं मॉडेल

बडोद्याहून उत्तरेकडे निघालेल्या गाडीपुढे दोन वाटा असतात, आणंदवरून अहमदाबाद किंवा गोध्र्यावरून रतलाम. मॉडेल रेल्वेवर संगणकाने चालणारे सिग्नल बसवायला शिकण्यासाठी हा फाटा फार चांगला आहे. खरं यार्ड अवाढव्य आहे. मॉडेलसाठी एक मेन लाइन, एक लूप (मेनला समांतर बाजूची लाइन) आणि तीन सांधे (गाडीची वाट बदलणारे पॉइंट) पुरतात. अहमदाबादची लाइन वळवून पुन्हा स्टेशनच्या दक्षिणेला आणायची, गोध्र्याची डेड-एंडला संपवायची. गाड्या एकाच दिशेने धावतील असं इथे धरलं आहे.

याचे ७ ब्लॉक, म्हणजे गाडी आहे की नाही हे वेगवेगळं कळणारे रुळाचे तुकडे, होतात: दक्षिणेची अप्रोच, दक्षिणेचा सांधा, मेन, लूप, उत्तरेचे दोन सांधे मिळून एक, अहमदाबाद आणि गोध्रा. सिग्नल ५: होम (स्टेशनात शिरण्याचा), मेनचा स्टार्टर (स्टेशनातून सुटण्याचा), लूपचा स्टार्टर, अहमदाबाद लाइनच्या शेवटी ॲडव्हान्स्ड स्टार्टर आणि गोध्र्याच्या टोकाला एक. प्रत्येकाला चार दिवे, म्हणजे २० आउटपुट. होम आणि दोन स्टार्टर यांच्या मार्गदर्शक दिव्यांचे (गाडी वळणाच्या वाटेने जाणार हे दाखवणारी पांढरी ओळ) ३. ७ डिटेक्टर आणि ३ सांध्यांचे मायक्रोस्विच मिळून १० इनपुट. हे सगळं एका आर्डुइनो मेगा या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर बसतं. सांधे डीसीसीच्या (रुळातूनच डिजिटल आदेश पाठवण्याची पद्धत) ॲक्सेसरी डिकोडरवर आधीच चालत असतील, तर त्यांना हात लावू नका.

सर्वांत जास्त वेळ डिटेक्शनला द्या. ब्लॉक भरलेला की मोकळा हेच पॅनेलला चुकीचं कळलं, तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. एचओ मापात (१:८७) आयसीएफ डबा साधारण २४.५ सेंटिमीटरचा, इंजिन आणि सहा डबे म्हणजे पावणेदोन मीटर. गाडी जिथे थांबणार ते ब्लॉक त्यामुळे दोन मीटरपेक्षा आखूड नकोत. रुळाचा गॅप सगळीकडे एकाच बाजूच्या रुळात कापा आणि त्यात प्लास्टिकचा तुकडा चिकटवून घासून घ्या. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ ३० अंशांनी तापला की अर्धा मिलिमीटर वाढतो, आणि कटिंग डिस्कने पडणारा गॅपही जवळपास तेवढाच असतो. जानेवारीत कापलेला मोकळा गॅप बडोद्याच्या मे महिन्यात मिटतो आणि दोन ब्लॉक एकदम भरलेले दिसू लागतात.

डब्यांच्या एका तरी ॲक्सलवर १० किलोओहमचा रेझिस्टर बसवा, शेवटच्या डब्यावर तर नक्कीच. नाहीतर इंजिन पुढे गेलं की डबे मागे उभे असतानाही ब्लॉक मोकळा दिसतो. डायोड आणि पीसी८१७ ऑप्टोकप्लरचा डिटेक्टर चालतो. रुळाकडची वायरिंग आर्डुइनोपासून पूर्ण अलग राहते, ती तशीच ठेवा. तपासणी सोपी आहे: रिकाम्या ब्लॉकच्या दोन रुळांवर १० किलोओहमचा रेझिस्टर टेकवला की डिटेक्टर लागला पाहिजे, ४७ किलोओहमने लागता कामा नये. याहून संवेदनशील डिटेक्टर पावसाळ्यात त्रास देतो. गोंदाने चिकटवलेली खडी ओल धरते, तिच्यातून थोडा करंट गळतो आणि रिकामी लाइन भरलेली दिसते.

दिव्यांसाठी कॉमन ॲनोडचे (सगळ्या एलईडींची प्लस बाजू एकत्र असलेले) सिग्नल आणि यूएलएन२८०३ चिप घ्या. एका चिपमध्ये आठ वाटा, म्हणजे २३ आउटपुटला तीन चिपा. चिप स्वतः सुमारे पाऊण व्होल्ट खाते, तेव्हा ५ व्होल्टवर लाल आणि पिवळ्याला ६८० ओहम, शुद्ध हिरव्याला आणि पांढऱ्याला ३३० ओहम घाला. प्रत्येक एलईडीला ३ ते ४ मिलिॲम्पियर मिळतात आणि तेवढे भरपूर होतात. मार्गदर्शकाच्या पाचही एलईडींना वेगवेगळे रेझिस्टर हवेत. ५ व्होल्टचा पुरवठा वेगळा असेल तर त्याचा ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा. एकही दिवा लागत नसेल तर आधी हीच वायर पाहा. मास्टवर (सिग्नलच्या खांबावर) खालून वर क्रम लाल, पिवळा, हिरवा, पिवळा. दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा येतो, म्हणून लांबूनही ते दोन वेगळे दिसतात.

आर्डुइनोत सीएमआरआय (संगणक आणि लेआउट यांच्यातल्या संवादाची पद्धत) लायब्ररीचं स्केच, म्हणजे प्रोग्रॅम, घाला. ती मूळचीच २४ इनपुट आणि ४८ आउटपुटचा नोड बनते, पत्ता शून्य. जेएमआरआय या मॉडेल रेल्वेच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये, जिथे आपलं पॅनेल असतं, सीएमआरआयचं सिरियल कनेक्शन, तोच बॉड रेट (संवादाचा वेग) आणि तोच नोड निवडा. आउटपुटची नावं सीटी१ ते सीटी२३, सेन्सरची सीएस१ ते सीएस१०. टंकताना रोमन मोठी अक्षरं वापरायची. पोर्ट उघडताच आर्डुइनो रीसेट होतो आणि सुरुवातीला नोड उत्तर देत नाही. स्केच चढवून झाल्यावर रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. नवं स्केच चढवताना तो काढावा लागतो. संगणकाकडून पाच सेकंद निरोप आला नाही तर सगळे लाल दिवे लागतील, एवढी सोय स्केचमध्ये जरूर करा.

मास्टकडे वळण्याआधी टर्नआउट टेबलमधून (जेएमआरआयमध्ये हे आउटपुट तिथेच असतात) एकेक सीटी ‘थ्रोन’, म्हणजे चालू, करून दिवे तपासा. सेन्सर टेबलमध्ये डिबाउन्स भरा: भरल्याची खबर ५० मिलिसेकंदांनी, मोकळं झाल्याची १००० मिलिसेकंदांनी. मळक्या चाकाने क्षणभर संपर्क सोडला की मागचा सिग्नल उगाच सुटतो, तो याने थांबतो. सांध्यांना मायक्रोस्विचचा फीडबॅक द्या. तो नसेल तर सांधा अडकलेला असतानाही पॅनेल तो बसला असंच समजतं.

आता लेआउट एडिटरमध्ये ट्रॅक काढा, प्रत्येक ब्लॉकला त्याचा सेन्सर जोडा आणि लेआउट ब्लॉक रूटिंग चालू करा. नवा सिग्नल मास्ट करताना दोन पिवळे असलेली ब्रिटिश चार-संकेती पद्धत निवडा, आपल्या रेल्वेचा क्रमही तोच आहे: लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. ड्रायव्हर म्हणून ‘मॅट्रिक्स’ घ्या, चार आउटपुट द्या आणि संकेतागणिक खुणा करा. दोन पिवळ्यांना वरच्या आणि खालच्या दोन्ही पिवळ्यांवर खूण. मास्ट ब्लॉकच्या सीमेवरच ठेवा आणि सिग्नल जोड्या (कोणत्या मास्टनंतर कोणता येतो) आपोआप तयार करवून घ्या. होमला दोन स्टार्टर मिळाले पाहिजेत, प्रत्येक स्टार्टरला अहमदाबाद आणि गोध्रा. एखादा मास्ट कायम लाल राहत असेल तर बहुतेक त्याच्या पुढे मास्टच नसतो. गोध्र्याच्या डेड-एंडला मास्ट ठेवायचा तो याचसाठी.

मार्गदर्शक दिवे लॉजिक्सने (जेएमआरआयमधले ‘असं असेल तर तसं कर’ नियम) चालवा: होम लाल नसेल आणि सांधा लूपकडे असेल तरच पांढरी ओळ लागावी. मेनला जाताना ती विझलेलीच असते. लूपला होमवर पिवळाच हवा. त्यासाठी त्या सांध्याचा वळणाचा वेग कमी लिहा आणि कोणता संकेत मिळतो ते पाहा.

या वर्तुळात गाडी फिरताना हिरवा कधीच दिसणार नाही, आणि ती चूक नाही. गाडी अप्रोचमध्ये असताना ॲडव्हान्स्ड स्टार्टर लाल, मेनचा स्टार्टर पिवळा आणि होम दोन पिवळे दाखवतो. वर्तुळ तिथेच संपतं. हिरवा हवा असेल तर अहमदाबाद लाइनचे दोन ब्लॉक करून एक मास्ट वाढवा. आउटपुट २७ होतील आणि चौथी चिप लागेल.

काहीही बदललं की कॉन्फिगरेशन आणि पॅनेल दोन्ही एकत्र स्टोअर करा, आणि ती फाइल स्टार्टअपच्या यादीत टाका. शेवटी रेझिस्टर लावलेला एकच डबा हाताने ढकलत सातही ब्लॉकमधून न्या आणि प्रत्येक सीमेवर मागचा सिग्नल लाल होतो का ते पाहा. इंजिन त्यानंतर रुळावर ठेवा.